एका घरातले पाच आजार : कारण कोणतं आणि निमित्त कोणतं

प्रश्न असा आला आहे : "आम्ही कवठेमहांकाळ तालुक्यातले. मी शिक्षक, घरी चार एकर द्राक्षबाग. वडिलांना (वय ७६) दोन वर्षांपूर्वी थंडीत पहाटे अर्धांगवायू झाला. आईचे (७२) गुडघे गेलेत, आता जिना चढताना धाप लागते, हिमोग्लोबिन ७ आलंय. थोरला भाऊ १९७३ चा, अंगानं काटकुळा, तरी त्याला शुगर. मला दोनदा मुतखडा झाला. बायकोला थायरॉइड. घरात कुणाला व्यसन नाही, जेवण घरचं, भाकरी रानातल्या शाळूची. गावात कुणी बोअरच्या पाण्याला दोष देतं, कुणी फवारणीला, कुणी आणखी कशाला. एवढ्या आजारांचं मूळ एकच असेल का?"

सर, 'आणखी कशाला' म्हणजे काय ते कळलं. तुमच्या शेजारच्या तालुक्यात तीस वर्षं दवाखाना चालवतोय, त्यामुळे उंबऱ्यावरचे लिंबू मीही पाहिलेत. तो खर्च वाचवा.

पाचही आजारांचं मूळ एक नाही. पण ते एकमेकांना अगदी परकेही नाहीत. एकाच्या औषधातून दुसरा आजार निघालाय असा मला दाट संशय आहे, आणि वेगळ्याच दोन आजारांच्या मागं तुमच्याच स्वयंपाकघरातली एक वस्तू आहे.

तुम्ही बागायतदार आहात म्हणून बागेतलंच सांगतो. छाटणीनंतर चार दिवस ढगाळ गेले, पानावर रात्रभर ओल राहिली की डाऊनी (केवडा रोग) येतो. आपण म्हणतो, 'हवा बिघडली म्हणून रोग आला.' पण हवेनं रोग होत नाही, रोगाचं बीज आधीच बागेत असतं. शिवाय एकाच हवेत ज्याच्या वेलींची दाटी जास्त त्याची बाग आधी जाते. म्हणजे बीज, पीक आणि हवा अशा तीन गोष्टी जुळाव्या लागतात. यातली हवा शेवटची, ती डोळ्याला दिसते, म्हणून बोल तिला लागतो. माणसाचंही असंच होतं. पेशंट मला जे सांगतो ते बहुतेक वेळा निमित्त असतं, आणि कारण त्याच्या दहा-वीस वर्षं मागं असतं.

वडिलांपासून सुरू करू. थंडीत पहाटे गार पाणी अंगावर घेतलं आणि वारं गेलं, असं घरात सांगितलं जात असणार. आपल्याकडं या आजाराच्या नावातच वायू आहे, त्यामुळे दोष वाऱ्यावर जातो. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, पहाटे रक्तदाब आपोआप चढतो, आणि मेंदूचा झटका सकाळच्या वेळात जास्त येतो हे खरंच आहे. पण तो गारठा त्या दिवशी सगळ्या गावानं सोसला होता. वडिलांच्या मेंदूतली एक वाहिनी तोवर आतून खराब झाली होती, आणि ते काम वाढलेल्या रक्तदाबानं केलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. बीपी दुखत नाही, खुपत नाही. डोकं दुखलं तर तपासू म्हणणारा माणूस तपासायला येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

दहातल्या नऊ जणांत बीपीचं एकच असं कारण सापडत नाही. वय, घराणं, वजन, तंबाखू, अपुरी झोप यांनी थोडा थोडा हातभार लावलेला असतो. पण आपल्या जिल्ह्यात मी बोट ठेवतो ते मिठावर. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. त्यात आमटी, कोरड्यास, लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं. भडंगाचं नाव घेताना माझीही जीभ अडखळते, मी सांगलीचाच आहे. पण चार वाजता वाटीभर भडंग आणि वर तळलेली मिरची हा नेम असेल तर दिवसाच्या मिठाचा मोठा वाटा तिथंच संपला. जादा मीठ बाहेर काढताना मूत्रपिंड मागं पडलं की शरीरात पाणी धरलं जातं, रक्ताचं आकारमान वाढतं, दाब वाढतो.

इथंच एक सांगून ठेवतो, कारण तुमच्या भागात यावरून माणसं कायमची अंथरुणाला खिळलेली पाहिलीत. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं की 'वाऱ्याचं औषध' द्यायला लांबच्या गावी गाडी पळवतात. वाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी गुठळी आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅननं पाहावं लागतं. ही सोय असलेलं मिरज तुमच्यापासून किती लांब आहे ते तुम्हीच सांगा. एसटीच्या खिडकीत बसून तोंड वाकडं होतं तो प्रकार वेगळा असतो. त्यात चेहऱ्याची नस सुजलेली असते, त्या बाजूचा डोळा मिटत नाही, हातपाय मात्र ठणठणीत असतात. पण हा फरक घरी ओसरीवर बसून ठरवायचा नसतो.

आता आई. मला तुमच्या घरात सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते, आणि तुम्ही त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी लिहिलंय.

गुडघ्यातलं वंगण संपलं असं लोक म्हणतात. खरं तर हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते आणि शेजारची हाडं, अस्तर, स्नायू सगळेच त्यात ओढले जातात. जन्मभर उकिडवं बसून भांगलण, वाढलेलं वजन, धनुष्यासारखे वाकलेले पाय, मांडीचे अशक्त झालेले स्नायू ही त्याची कारणं. त्यानं माणूस मरत नाही. पण त्यासाठी आई काय घेतात? तुम्ही लिहिलं नाही, तरी माझा अंदाज सांगतो : मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, सकाळ-संध्याकाळ, वर्षानुवर्षं. मध्येच कुणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या. पुडीनं दोन दिवसांत आजी पळायला लागली असं ऐकलं की मी आधी स्टिरॉइडचा संशय घेतो.

दुखण्याच्या या गोळ्या शरीरातले जे रासायनिक दूत अडवतात, ते दुखणं तर वाढवतातच, पण जठराच्या आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षणही करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही सांभाळतात. गोळीला गुडघा आणि जठर यातला फरक कळत नाही. मग जठरात जखमा होतात. त्यातून रोज चमचा-दोन चमचे रक्त झिरपतं. पोट दुखेलच असं नाही, म्हाताऱ्या माणसांत तर बऱ्याचदा दुखतच नाही. लोह संपत जातं, हिमोग्लोबिन १२ वरून ९ वर, ९ वरून ७ वर येतं. हिमोग्लोबिन असं उतरलं की हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवायला जास्त पळावं लागतं, म्हणून जिना चढताना धाप. घरचे म्हणतात, हार्टचं काहीतरी आहे. धाप छातीत, रक्त पोटातून गेलेलं, आणि सुरुवात गुडघ्यात. मी त्यांना तपासलेलं नाही, पण हीच साखळी इतक्या आज्यांमध्ये पाहिलीय की आधी तिलाच तपासायला हवं.

पाळी जाऊन वीस वर्षं झालेल्या बाईचं रक्त लोहाच्या कमतरतेनं कमी झालं असेल, तर ते कुठून तरी गळतंय असंच धरून चालायचं. जठर, आतडी, क्वचित आतड्याचा कॅन्सरसुद्धा. म्हणून नुसतं बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे आणि लोहाचं टॉनिक देत बसू नका. दुर्बिणीची तपासणी लागते. शौचाला डांबरासारखं काळं होतंय का विचारा, पण लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं हे लक्षात ठेवा. मूत्रपिंडाची तपासणीही त्याच वेळी करून घ्या. ते दुबळं झालं तरी रक्त कमी होतं, कारण रक्त तयार करायचा हुकूम तिथूनच सुटतो.

जठराच्या जखमेवरून एक आठवलं. मी शिकत होतो त्या काळात अल्सर म्हणजे तिखट आणि टेन्शन हेच समीकरण होतं. ऑस्ट्रेलियातले रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात एक वळसेदार जंतू दाखवला तेव्हा फार कुणी विश्वास ठेवला नाही, एवढ्या आम्लात जंतू जगेल कसा? मार्शलनं १९८४ मध्ये त्या जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन घेतलं आणि आठवड्या-दीड आठवड्यात स्वतःच्या जठराला सूज आलेली दाखवली. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. तेव्हापासून अल्सरची दोन मोठी कारणं मानली जातात : तो जंतू आणि दुखण्याच्या गोळ्या. खर्डा सुटला. जळजळ तो करतो, जखम करत नाही.

धापेचं आणखी एक कारण तुमच्या परसात असू शकतं. आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं का? पाचट, तुरकाट्या, बागेच्या छाटलेल्या काड्या यांचा धूर चाळीस-पन्नास वर्षं घेतलेल्या बायकांची फुप्फुसं विडी ओढणाऱ्या पुरुषांसारखी झालेली असतात. आणि 'घरात कुणाला व्यसन नाही' हे वाक्य मी इकडच्या घरांत रोज ऐकतो. मिश्री, म्हणजे दातांना लावायची भाजलेली तंबाखू, तुम्ही व्यसनात धरता का?

भावाकडे येऊ. 'काटकुळा, तरी शुगर' यातलं 'तरी' काढून टाका. आपल्याकडचं चित्र असंच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघंही दिसायला सडपातळ, उंची-वजनाचं गुणोत्तर (बीएमआय) दोघांचं नेमकं २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली चरबी पोटात, यकृताभोवती दडून असते. ती इन्सुलिनचं काम बिघडवते, आणि काटा मात्र वजन ठीक दाखवतो. भावाच्या हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र थोडं पुढं, असंच आहे ना?

याची सुरुवात कधी कधी जन्माआधी होते. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हाडामांसानं लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानानं राखलेली. पोटात असताना अन्न तुटपुंजं मिळालं की शरीर काटकसरीची सवय लावून घेतं, आणि पुढं भरपूर मिळालं की तीच सवय उलटते. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या उपासमारीत गर्भात असलेल्या मुलांमध्ये पन्नाशीत साखरेचा बिघाड जास्त दिसला. तुमचे बंधू १९७३ चे. बहात्तरच्या दुष्काळात तुमच्या आई दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या का, आणि तिथं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढले होते का, हे त्यांना विचारा. एका माणसाबाबत हे सिद्ध करता येत नाही. पण १९७२-७३ ची जन्मतारीख पाहिली की मी साखर तपासायला सांगतोच. म्हणून 'गोड खाल्ल्यानं झाली' असं त्यांना टोचून बोलू नका. गोड हे फार तर निमित्त.

तुमचा मुतखडा. पाणी जड आहे, भांड्याला पांढरा थर चढतो, म्हणून पोटातही तसाच थर, हा तर्क पटण्यासारखा आहे, पण शरीर म्हणजे पातेलं नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि त्यांचं मुख्य कारण लघवी घट्ट होणं हे आहे. शाळेत तासांवर तास, मग उन्हात बाग. सकाळी चहा आणि दुपारी तीनपर्यंत एक तांब्या. जतपासून आटपाडीपर्यंतच्या कोरड्या पट्ट्यातले माझे खड्याचे पेशंट मार्च ते मेमध्ये येतात, आणि त्यांचा दिवस असाच असतो. किती पाणी प्यावं यापेक्षा लघवी किती व्हावी ते मोजा : दिवसाला दोन-अडीच लिटर, रंग फिकट. घामावाटे किती जातं त्यावर पाणी ठरवा.

लोक दूध-दही बंद करतात, ते उलटं आहे. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. ते बंद केलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात जातं आणि मूत्रपिंडात उतरतं. टोमॅटोच्या बियांना उगाच बदनाम केलंय, पालक कमी करा. लिंबू चांगलं. बिअरचा सल्ला देणाऱ्या मित्राला खडा झालेला नसतो, त्याला कंपनी हवी असते. आणि आता ती स्वयंपाकघरातली वस्तू : मीठ. मीठ जास्त गेलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. वडिलांचं बीपी आणि तुमचा खडा यांच्यामधला धागा बोअरमध्ये शोधू नका, मिठाच्या बरणीत शोधा.

वहिनींच्या थायरॉइडबद्दल थोडक्यात. आयोडीनचं मीठ घरोघरी गेल्यापासून आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी स्वतःच्याच ग्रंथीवर उलटणं. बायकांत हे पुरुषांच्या कितीतरी पट जास्त, बऱ्याचदा बाळंतपणानंतर उघड होतं, आणि घराण्यात चालतं. टेन्शननं झालं म्हणून त्यांना दोष देऊ नका, गोळी उपाशीपोटी वेळेवर द्या. मुलगी असेल तर पुढं तिच्याकडं लक्ष ठेवा, एवढं पुरे.

फवारणी. हिच्यावर सगळं ढकललं की तिनं केलेलं खरं नुकसान झाकलं जातं, म्हणून नीट सांगतो. मुतखडा, गुडघे हे तिच्या खात्यावर मांडता येत नाहीत. पण बिनमास्क फवारून आल्यावर लाळ, घाम, उलट्या आणि डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली असेल तर ती विषबाधा आहे, दही-ताक पाजत बसायचं नाही, रुग्णालय गाठायचं. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तर आपल्याला निरुपद्रवी वाटतं, पण पोर्तुगालमध्ये वर्षानुवर्षं ते फवारणाऱ्या द्राक्षमजुरांच्या फुप्फुसात तांब्याचे कण आणि गाठी सापडल्या. १९६९ मध्ये त्याचं वर्णन झालं आणि त्या आजाराला फवारणी करणाऱ्यांचं फुप्फुस असंच नाव पडलं.

फळछाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी आपण हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतो, म्हणजे ते काड्यांवरच्या डोळ्यांना लावतो. दरवर्षी त्या हंगामात संध्याकाळी एखादा गडी लालबुंद तोंड, धडधड, डोकं फुटेल असं दुखणं आणि घसरलेलं बीपी घेऊन येतो. हार्ट अटॅक आला म्हणून चौघं उचलून आणतात. दारू रोजचीच, मग आजच काय झालं? हे रसायन यकृतातली दारू पचवण्याची एक पायरीच बंद करतं, विषारी मधला पदार्थ रक्तात साठतो. दारू निमित्त, कारण दिवसभर उघड्या हातांनी केलेलं पेस्टिंग. त्या दिवसांत आणि नंतरही काही दिवस थेंबही नको, हे तुमच्या गड्यांना तुम्हीच सांगा. मास्तरांचं ऐकतात.

जंतूंचे आजार तुमच्या यादीत नाहीत, तरी भावासाठी एक. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्येच दाखवला, पण जंतू शिरलेल्या शंभरातल्या पाच-दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी क्षय होतो. उरलेल्यांत तो गप्प पडून असतो. मधुमेह असला की धोका दोन-तीन पट. बंधूंना दोन आठवडे खोकला राहिला तर कफ सिरप न घेता थुंकी तपासा. बाकी जंतूंना हंगाम लागतो, आणि तो सगळीकडे सारखा नसतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. अशा पुरानंतर चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते, कारण उंदीर-जनावरांच्या मुतातला जंतू पायाच्या भेगेतून शिरतो. तुमच्याकडं उलट. पाणी येत नाही म्हणून पिंप भरून ठेवायचं, आणि डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याची अंडी कोरड्या पिंपाच्या कडेला महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासाव्या लागतात.

आनुवंशिकता आहेच. बीपी, शुगर, थायरॉइड, खडा चारही घराण्यात चालतात. पण वारशात जनुकांबरोबर मिठाचा हात, चहाच्या वेळा आणि दुखलं की गोळी ही सवयही येते, आणि ती सुनेलाही लागते. तिची जनुकं तर वेगळ्या घरची असतात.

आता कामाचं. साठ तपासण्यांचं पॅकेज करू नका. वडिलांचं आणि तुम्हा दोघा भावांचं बीपी मोजा, भावाची तीन महिन्यांची सरासरी साखर आणि डोळ्याचा पडदा पाहून घ्या, तुमची एकदा सोनोग्राफी. आईंना मात्र या आठवड्यातच फिजिशियनकडे न्या, थांबू नका. दुखण्याची गोळी आजच बंद. हृदयासाठी किंवा रक्त पातळ राहण्यासाठी एखादी गोळी चालू असेल तर ती मात्र स्वतःच्या मनानं थांबवू नका. चक्कर आली, बसल्या जागी धाप लागली किंवा शौचाला काळं झालं तर आठवड्याचीही वाट पाहायची नाही. जाताना त्यांची गोळ्यांची पिशवी निवडून नेऊ नका, जशी आहे तशी टेबलावर ओता : सुट्या गोळ्या, पुड्या, तेलाच्या बाटल्या, शेजारणीनं दिलेली पट्टी. मिश्रीची डबीही घ्या. ती त्या पिशवीत सापडणार नाही, बहुधा उशाखाली असेल.